हृदयाच्या वाहिन्या आणि गणित

पुण्याला खडकवासल्याच्या धरणातून पाणी मिळते. ते मोठ्या जलवाहिन्यांतून लहान नळांत आणि तेथून घराघरांत जाते. एखादा नळ आतून गंजून अरुंद झाला, तर पुढच्या घरात पाण्याचा दाब कमी होतो. आपल्या हृदयाचेही असेच आहे.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. पण त्याच्या स्वतःच्या स्नायूंनाही रक्त हवे असते. ते आणणाऱ्या वाहिन्यांना हृदयधमन्या म्हणतात. त्यांच्या आत चरबीचा थर साचला, की त्या अरुंद होतात. बसल्या जागी हे बहुधा जाणवत नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढताना मात्र हृदयाला जास्त रक्त लागते आणि छातीत दुखू लागते.

मग अरुंद झालेल्या प्रत्येक धमनीत जाळी बसवावी का? नाही. धमनी अरुंद दिसली, तरी रक्त अडतेच असे नाही. अडथळ्याच्या पुढे दाब किती उरतो, हे पाहावे लागते. त्यासाठी डॉक्टर मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक तार हृदयधमनीत नेतात. पुढच्या दाबाला ते मागच्या दाबाने भागतात. उत्तर १ च्या जवळ असेल, तर रक्त नीट वाहते. ते ०.८० किंवा त्याहून कमी असेल, तर अडथळा त्रासदायक मानतात.

आता तार न घालताही या दाबाचा अंदाज घेता येतो. हाताच्या शिरेत औषध टोचून हृदयाचा सी.टी. स्कॅन काढतात. त्या चित्रांवरून संगणक धमन्यांची हुबेहूब प्रतिकृती तयार करतो आणि तिच्यातून रक्त कसे वाहील याचे गणित करतो. द्रव कसा वाहतो याची समीकरणे एकोणिसाव्या शतकातच तयार झाली होती. पण वाकड्यातिकड्या धमन्यांसाठी ती हाताने सोडवणे अशक्य होते. असली प्रचंड गणिते करण्यासाठीच पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक बनवला होता. संगणकाने धमन्यांतील दाब काढण्याच्या अशा एका पद्धतीला अमेरिकेत २०१४ साली परवानगी मिळाली.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. धमनीत चुन्याचे थर फार असले किंवा ठोके अनियमित असले, तर चित्र अस्पष्ट येते आणि गणितही चुकू शकते.

घरात कोणाच्या छातीत अचानक दुखू लागले आणि दरदरून घाम फुटला, तर अशा तपासणीची वाट पाहत बसू नये. ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.