मगरिबला वीस मिनिटं होती

गेल्या रमजानमधली गोष्ट. सकाळी वर्गात डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर बोललो होतो. माणूस आपल्याच भागातला. जन्म साताऱ्याचा, शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात, डॉक्टरकी मिरजेत. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, एवढं मुलांना ठाऊक होतं. पण समितीच्या चतुःसूत्रीत धर्माची विधायक चिकित्सा हेही एक सूत्र आहे, हे बहुतेकांना नवं होतं. एका मुलीने विचारलं, "सर, ही चिकित्सा करायची कुणी?"

"ज्याने त्याने, आपापल्या घरापासून," मी म्हणालो. उत्तर माझं मलाच आवडलं.

त्याच संध्याकाळी घरी इफ्तारचा दस्तरखान मांडला होता. अम्मी सत्तरीची, इन्सुलिनवर, तरीही रोजा. आमच्या घरात कुणी रोजा चुकवत नाही, हे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगत आलो होतो. अचानक तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. बायको म्हणाली, "साखर उतरलीय, सरबत द्या आधी." पेला समोरच होता. अम्मी पुटपुटली, "अजान होने दे, बेटा." आणि मी घड्याळाकडे पाहिलं. मगरिबला, म्हणजे रोजा सोडायला, वीस मिनिटं होती.

बायकोने मला बाजूला सारून पेला तिच्या ओठांना लावला.

रात्री झोप येईना. रमजानच्या रोज्यांचा आदेश कुरआनात जिथे येतो, सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत, तिथेच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. या आयती मला लहानपणापासून पाठ. उर्दू तफसीर कपाटात होती. तरी त्या शब्दांपाशी मी कधी थांबलो नव्हतो. मी जपत होतो तो दीन नव्हताच, घराण्याचा रुबाब होता. भोंदूबाबांसाठी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. माझ्या घड्याळाकडे पाहण्याला कुठलं कलम लावणार?

हजार वर्षांपूर्वी प्रकाशावर मोठं काम करणाऱ्या इब्न अल्-हैसमने टॉलेमीसारख्या पंडिताच्या चुका काढल्या. सत्य शोधणाऱ्याने स्वतःवरही संशय घ्यावा, असंही त्याने बजावलं. पहिला भाग मी वर्गात रंगवून सांगतो.

अम्मीला पटवणं सोपं नव्हतं. आयत दाखवली तर म्हणाली, "तू मौलाना कधी झालास?" साताऱ्याच्या बहिणीने फोनवर बजावलं, "रोजे बंद केले तरी चारचौघांत सांगू नकोस." शेवटी मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनाच घरी बोलावलं. डॉक्टर नको म्हणत असतील तर रोजा नको, फिदिया द्या, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवण, असं त्यांनी सांगितलं.

यंदा अम्मी रोज एक डबा स्वतःच्या हाताने भरते. त्यात कधी खिमा, कधी दालचा. दुपारी स्वतः जेवायला बसली की मात्र स्वयंपाकघराचं दार लावून घेते.