वापरलेली यांत्रिक नौका (रायगड किनारा)

वापरलेली यांत्रिक नौका म्हणजे पूर्वीच्या मालकाकडून इंजिनासह विकत घेतलेली होडी किंवा बोट होय. महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यात उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन या तालुक्यांच्या किनारी व खाडीकाठच्या गावांत मासेमारी, प्रवासी वाहतूक आणि जलपर्यटन यांसाठी अशा नौका वापरल्या जातात. नवी नौका बांधण्याचा खर्च न पेलणाऱ्या कुटुंबाला स्वतःची पहिली नौका मिळवण्याचा हा एक मार्ग आहे. मात्र जुन्या नौकेतील दोष वरच्या रंगाखाली लपू शकतात आणि ते उघड होतात ते बहुधा किनाऱ्यापासून दूर. त्यामुळे नौकेच्या सांगाड्याची व इंजिनाची तपासणी, कागदपत्रांची छाननी आणि सुरक्षा साहित्याची सज्जता या तीन गोष्टींना या व्यवहारात विशेष महत्त्व आहे.

किनाऱ्याचे स्वरूप

रायगडचा किनारा उत्तरेस मुंबई बंदराच्या परिसरापासून दक्षिणेस सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट खाडीपर्यंत पसरला आहे. धरमतर, कुंडलिका (रेवदंडा) आणि राजपुरी या अन्य प्रमुख खाड्या होत. करंजा, मोरा, रेवस, मांडवा, थळ, रेवदंडा, आगरदांडा, दिघी, राजपुरी व श्रीवर्धन येथे बंदरे किंवा धक्के आहेत.

उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीतील अंतर चार मीटरांहून अधिक असते. भांगाच्या दिवसांत ते बरेच कमी होते. ओहोटीला अनेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे उथळ होतात. काही ठिकाणी नौका चिखलात बसते आणि भरती येईपर्यंत हलत नाही. खांदेरी-उंदेरीचा परिसर आणि चौल कडूचा खडक यांसारख्या ठिकाणी पाण्याखालील खडकांचा धोका असतो. उत्तरेकडे जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारी मोठी जहाजे आणि धरमतर खाडीतील मालवाहू बार्ज यांच्या मार्गांतून लहान नौकांना वाट काढावी लागते. म्हणून कोणती नौका घ्यावी हे ती कोठे उभी राहणार आणि कोणत्या पाण्यात चालणार यावर ठरते.

पार्श्वभूमी

या किनाऱ्याला नौकानयनाची दीर्घ परंपरा आहे. शिवकाळात १६७९ मध्ये खांदेरी बेटावर दुर्गबांधणी सुरू झाली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे कुलाबा हे प्रमुख केंद्र होते. गुराब आणि गलबत या त्या काळातील लढाऊ नौका होत, तर मचवा व पडाव यांचा उपयोग वाहतुकीसाठी होत असे. शिडाच्या नौका चालवणाऱ्या कोळी समाजात स्वातंत्र्योत्तर काळात डिझेल इंजिनांचा प्रसार झाला. शासकीय अर्थसाहाय्य आणि मच्छीमार सहकारी संस्था यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढील काळात लाकडाबरोबर काचतंतूच्या (फायबरच्या) नौकाही रूढ झाल्या.

नौकांचे प्रकार

मासेमारी नौका ओळखताना कोळीवाड्यांत इंजिनाच्या सिलिंडरांची संख्या सांगण्याची पद्धत आहे. एक किंवा दोन सिलिंडरच्या नौका खाडीत व किनाऱ्यालगत चालतात, तर चार किंवा सहा सिलिंडरच्या नौका खोल समुद्रात अनेक दिवस राहू शकतात. रचनेच्या दृष्टीने दोन प्रकार पडतात.

आतील इंजिनाची नौका: इंजिन नौकेच्या पोटात असते व दांडा तळातून बाहेर येऊन पंखा फिरवतो. मालमोटारीच्या इंजिनात सागरी वापरासाठी फेरफार करून ते बसवण्याची पद्धतही प्रचलित आहे. अशी इंजिने दणकट असतात व त्यांचे सुटे भाग सहज मिळतात.

बाहेरील इंजिनाची नौका: इंजिन पिछाडीच्या आडव्या फळीवर टांगलेले असते. ते वर उचलता येत असल्याने उथळ पाण्यात व वाळूवर नौका लावणे सोपे जाते. लहान मासेमारी होड्यांवर आणि पर्यटनासाठीच्या वेगवान बोटींवर हा प्रकार आढळतो.

खरेदीपूर्व तपासणी

सांगाडा

लाकडी नौकेत पठाण, म्हणजे तळाचा कणा, सरळ आहे की वाकला आहे हे प्रथम पाहिले जाते. लाकूड पोखरणारे सागरी जीव बाहेरून लहानसे छिद्र ठेवतात, पण आत लांब पोकळी करतात. यासाठी फळी ठोकून आणि संशयास्पद जागी टोकदार हत्यार रोवून पाहतात. गंजलेले खिळे व फळ्यांच्या सांध्यांतील सुटलेली कलाफत ही गळतीची कारणे असतात.

फायबरच्या नौकेवर लाकडी हातोडीने हलके ठोकले असता निरोगी भागातून खणखणीत आवाज येतो, तर थर सुटलेल्या किंवा पाणी मुरलेल्या भागातून बद्द आवाज येतो. तळावरील फोड हे पाणी झिरपल्याचे लक्षण असू शकते. बाहेरील इंजिन ज्या फळीवर टांगलेले असते, तिच्या आतील लाकूड कुजले असल्यास इंजिन वर-खाली हलवताना फळीही लवते. ही दुरुस्ती खर्चिक असते.

इंजिन

इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे आवश्यक मानले जाते, कारण गरम इंजिन सहज सुरू होते आणि त्याचा अशक्तपणा झाकला जातो. धुराचा रंगही बोलका असतो. काळा धूर अपुरे ज्वलन किंवा अतिरिक्त भार सुचवतो आणि निळा धूर वंगण जळत असल्याचे दाखवतो. न थांबणारा पांढरा धूर पाणी किंवा न जळलेले इंधन बाहेर पडत असल्याची खूण असू शकतो. वंगण दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याचा संशय घेतला जातो. बाहेरील इंजिनातून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार सतत पडली पाहिजे. धातूचे भाग गंजण्यापासून वाचवण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे पूर्ण झिजले असतील, तर देखभालीकडे दुर्लक्ष झाले असा निष्कर्ष निघतो.

पाण्यातील चाचणी

धक्क्याला बांधलेल्या नौकेचे इंजिन चालणे पुरेसे नसते. भार घेतल्यावरच तापमान, कंपन आणि सुकाणूचा प्रतिसाद कळतो. म्हणून ओढ्याच्या विरुद्ध दिशेने काही काळ पूर्ण वेगाने आणि उलट्या गतीतही नौका चालवली जाते. चाचणीपूर्वी तळ कोरडा करून परतल्यावर साचलेले पाणी मोजल्यास गळतीचे प्रमाण समजते.

खरेदीच्या हंगामाचाही येथे संबंध येतो. पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढलेली असल्याने तिचा तळ नीट पाहता येतो, पण पाण्यातील चाचणी होऊ शकत नाही. हंगामात याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे दोन्ही तपासण्या पूर्ण होईपर्यंत संपूर्ण रक्कम न देणे खरेदीदाराच्या हिताचे ठरते. अनुभवी तांडेल आणि इंजिनाचा कारागीर यांना सोबत नेण्याची प्रथा याच कारणासाठी उपयुक्त आहे.

कागदपत्रे

मासेमारी नौकेसाठी नोंदणी आणि मासेमारी परवाना या दोन वेगळ्या बाबी आहेत. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ अन्वये मत्स्यव्यवसाय विभाग देतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या पाण्यातील मासेमारीचे नियमन राज्य शासनाकडे आहे. नौका हाती आली तरी परवाना नव्या मालकाच्या नावे झाल्याशिवाय तिच्यावर कायदेशीर मासेमारी करता येत नाही. प्रवासी व पर्यटन नौकांची नोंदणी, सर्वेक्षण आणि प्रवासी क्षमता हे विषय १९९६ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाशी संबंधित आहेत. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये नोंदणी, सर्वेक्षण, चालकांची पात्रता व विमा यांच्या तरतुदी आहेत.

सांगाड्यावरील नोंदणी क्रमांक व इंजिन क्रमांक कागदपत्रांशी जुळतात का, हे प्रत्यक्ष पाहावे लागते. इंजिन बदलले असल्यास तशी नोंद असली पाहिजे. अनेक नौका सहकारी संस्था किंवा बँकेच्या कर्जातून घेतलेल्या असतात. असा बोजा न उतरवता झालेला व्यवहार खरेदीदाराला नौका आणि पैसा या दोन्हींना मुकवू शकतो.

सागरी सुरक्षेच्या दृष्टीनेही मालकीची नोंद महत्त्वाची आहे. १९९३ मध्ये मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धनजवळील शेखाडी येथे उतरवण्यात आली होती. २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्यासाठी दहशतवाद्यांनी 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावली होती. त्यानंतर नौकांची नोंदणी आणि मच्छीमारांची ओळखपत्रे यांवर अधिक भर देण्यात आला.

साहित्य व सज्जता

नौकेवरील प्रत्येकासाठी योग्य मापाचे जीवरक्षक जाकीट, जीवरक्षक कडे, अग्निशामक, पाणी उपसण्याचा पंप व बादली, वल्ही, होकायंत्र, प्रथमोपचार पेटी आणि संकटसूचक ज्योती हे मूलभूत साहित्य होय. जाळे ओढताना अडचण होते म्हणून जाकीट खणात ठेवण्याकडे कल असतो, परंतु नौका उलटल्यावर खणापर्यंत पोहोचता येत नाही.

नांगर व दोर: नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट ठेवण्याचा संकेत आहे. ही खोली भरतीची धरावी लागते. ओहोटीला ३ मीटर पाण्यात टाकलेल्या नांगरावर भरतीला ७ मीटर पाणी असू शकते. पाच पट धरली तरी दोर १५ नव्हे, ३५ मीटर लागतो.

दिवे: रात्री डाव्या बाजूस तांबडा, उजव्या बाजूस हिरवा आणि पांढरा दिवा लावण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. समोरून येणाऱ्या जहाजाला नौकेची दिशा त्यावरून कळते.

संपर्क: भ्रमणध्वनीची कक्षा किनाऱ्यापासून दूर संपते. व्हीएचएफ संचाची १६ क्रमांकाची वाहिनी संकटसंदेशासाठी राखीव आहे. भारतीय तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४, तर सागरी पोलिसांचा १०९३ आहे. मासेमारी नौकांवर उपग्रहाधारित संदेशयंत्रे बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला.

इंधन: एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, असा हिशोब ठेवला जातो. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषते. त्यामुळे पेट्रोल इंजिनाच्या टाकीत ते महिनोन्महिने साठवणे टाळतात व पाणी वेगळे करणारी गाळणी बसवतात.

पावसाळ्यातील देखभाल

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. तळ खरवडणे, रंग देणे, कलाफत, पंखा व दांड्याची दुरुस्ती आणि जाळी विणणे ही कामे तेव्हा होतात. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राची पूजा करतो. ३ जून २०२० रोजी अलिबाग-श्रीवर्धन पट्ट्यात निसर्ग चक्रीवादळ धडकले. किनाऱ्यावर ओढलेली नौकाही उंच जागी व पक्की बांधलेली असणे आवश्यक आहे, याची त्यातून जाणीव झाली.

दुर्घटना

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेले 'रामदास' हे प्रवासी जहाज वादळी समुद्रात बुडून ६०० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ 'अजंठा' ही प्रवासी बोट उलटली. बोटीवरील ८८ जणांना जवळ असलेल्या पोलीस गस्तीनौकेमुळे वाचवता आले. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान नौका धडकली आणि १५ जणांचा मृत्यू झाला. प्रवाशांनी जीवरक्षक जाकिटे घातलेली असण्याचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' ही रिकामी नौका लागली. ओमानच्या समुद्रात इंजिन बिघडल्याने खलाशांना ती सोडावी लागली होती आणि ती वाहत येथे पोहोचली.

या घटनांची कारणे वेगवेगळी आहेत. तरीही हवामानाचा अंदाज, इंजिनाची विश्वसनीयता, अंगावर घातलेले जाकीट आणि वेळेवर पोहोचणारी मदत यांवर समुद्रातील जीवित अवलंबून असते, हे त्या सर्वांतून दिसते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींची तजवीज नौका धक्क्यावरून सुटण्यापूर्वीच करता येते.

हे सुद्धा पहा

कोळी समाज
मराठा आरमार
महाराष्ट्र सागरी मंडळ
भारतीय तटरक्षक दल
रामदास (जहाज)