ओढा वाहता आहे तोवर



आमच्या मंडळीचे सेवा मंडळ दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जव्हार-मोखाड्याकडे श्रमदानाला जाते, हे आपणांस ठाऊक आहे. त्याविषयी काही वाचकांनी विचारले, की हीच सेवा नाताळच्या सुटीत का ठेवत नाही? तेव्हा मुलांना सुटी असते, नोकरदारांना रजा मिळते, ऊनही सौम्य असते. आताच्या दुप्पट माणसे येतील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना वनराई बंधारा म्हणजे काय, तो कसा उभा राहतो आणि त्यात आपल्यासारख्या शहरी हातांचा उपयोग नेमका कुठे होतो, हेही सांगता येईल. म्हणून हा लेख.

पाऊस उदंड, पाणी दुर्मीळ

पालघर जिल्ह्याच्या या डोंगराळ भागात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मार्च उजाडला की पाड्यापाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरताना दिसतात. कारण पावसात नाही, जमिनीत आहे. हा काळ्या खडकाचा उताराचा मुलूख. वर मातीचा थर पातळ, खाली घट्ट कातळ. पाणी मुरायला जागा थोडी आणि थांबायला त्याहून थोडी. चार महिन्यांत पडलेले पाणी ओहोळांतून नदीला आणि नदीतून पुढे निघून जाते. याच डोंगरांचे पाणी अडवणाऱ्या वैतरणेवरच्या धरणांतून मुंबईला पाणीपुरवठा होतो. शहरातल्या आपल्या घरी नळ सोडताना हे आठवले पाहिजे.

पाऊस थांबल्यावर मात्र एक छोटी संधी असते. डोंगरात जे थोडे पाणी मुरलेले असते, ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात झऱ्यांवाटे ओहोळात येत राहते. धार बारीक असते, पण अखंड असते. ती धार आडवी धरली तर पाणी साठते. धरली नाही तर डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक लहान ओहोळ आटत येतात. जानेवारीत बांधलेला बंधारा दिसायला कितीही सुबक असला, तरी त्याच्या मागे साठायला पाणीच नसते.

तीन पंचांगे

म्हणजे या कामाला तीन पंचांगे सांभाळावी लागतात. पहिले ओहोळाचे. पूर ओसरलेला हवा, पण धार चालू हवी.

दुसरे शेताचे. नेमक्या याच दिवसांत भातकापणी असते, मागोमाग नागली आणि वरई. वर्षभराचे अन्न घरात येण्याची ही वेळ. पाड्यावरचा धडधाकट माणूस पहाटेपासून शेतात असतो. आणि कापणी, झोडणी आटोपली की अनेक घरे दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडतात. भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर पुरुष, बायका आणि मुलेही जातात. काहींनी पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फेडल्यावाचून परत येता येत नाही. मुलांची शाळा तेव्हाच सुटते आणि पुष्कळदा कायमची सुटते.

तिसरे पंचांग आपले. रविवारची उपासना, उपकारस्तुतीचा सण, मुलांच्या परीक्षा, नाताळची तयारी.

पहिली दोन पंचांगे आपल्या हातात नाहीत. हलवता येते ते तिसरेच. आमच्या सेवेची सगळी मेख इथे आहे. पाड्यावरच्या लोकांना बंधारा बांधता येत नाही म्हणून आम्ही जात नाही. दगडमातीचे काम त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले येते. ज्या आठवड्यांत ओहोळ अडवायचा असतो, त्याच आठवड्यांत त्यांचे हात कापणीत गुंतलेले असतात. आम्ही देतो ते ज्ञान नव्हे, दानही नव्हे. त्या अडचणीच्या दिवसांत जास्तीचे हात देतो. नाताळात दुप्पट हात आले तरी ते उशिरा आलेले असतील.

जागा पाड्याने दाखवायची

वनराई बंधारा हा शब्द माजी केंद्रीय मंत्री मोहन धारिया यांच्या 'वनराई' संस्थेच्या कामामुळे महाराष्ट्रात रूढ झाला. आज कृषी विभाग, ग्रामपंचायती आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असे अनेकजण तो बांधतात. सिमेंटची वा खताची रिकामी पोती, जागेवरची माती आणि श्रम, एवढेच त्याचे भांडवल.

पण जागा चुकली तर श्रम वाया जातात. म्हणून सप्टेंबरमध्येच आमचे दोघे-तिघे पाड्यावर जाऊन वडीलधाऱ्या मंडळींबरोबर ओहोळ चालून येतात. धार सर्वांत शेवटी कुठे आटते, काठाची उंबराची झाडे भर उन्हाळ्यातही कुठे हिरवी राहतात, खेकडे कुठे सापडतात, हे त्यांना पाठ असते. आम्ही पाहतो ते एवढेच, की पात्र तिथे अरुंद आहे का, दोन्ही काठ पक्के आहेत का, तळाशी कातळ वा घट्ट जमीन आहे का आणि वरच्या बाजूला उतार कमी आहे का. साठलेले पाणी कोणाच्या उभ्या पिकात जाणार नाही ना, हे त्या शेतकऱ्याला विचारूनच ठरते.

हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागांत ग्रामसभेला विशेष स्थान दिले आहे. त्यामुळे आधी पाड्याची बैठक, मग ग्रामपंचायतीला पत्र आणि जागा वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी, हा क्रम आम्ही मोडत नाही. कामाच्या दिवशी पाड्यावरची मंडळी आपल्या रीतीने ओहोळाला नारळ देतात. त्या वेळी आम्ही शांतपणे उभे राहतो. मग आमचे पाळकसाहेब प्रार्थना करतात, तेव्हा ते उभे राहतात. या कामात आम्ही पत्रके वाटत नाही. पाण्याला अट जोडायची नाही, हे मंडळाने ठरवले आहे.

पोत्यांची भिंत

आता प्रत्यक्ष काम. समजा, ओहोळ ८ मीटर रुंद आहे आणि भिंत १ मीटर उंच हवी आहे. पायाशी रुंदी २ मीटर आणि माथ्याशी १ मीटर, म्हणजे सरासरी दीड मीटर. हा भराव १२ घनमीटर होतो. एका पोत्यात साधारण २५ लिटर माती धरली, तर ४८० पोती लागतात. फाटकी-तुटकी धरून ५०० पोती न्यावीत.

पोते काठोकाठ भरायचे नसते. नवखे तरुण हौसेने गच्च भरतात. पण गच्च पोते दगडासारखे गोल राहते, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि मधल्या फटींतून पाणी निसटते. दोन तृतीयांश भरून तोंड सुतळीने बांधले की ते नीट पसरते. तरीही वजन ४० किलोच्या आसपास होते. म्हणून एक पोते दोघांनी उचलायचे, हा आमचा नियम. तिघांची एक तुकडी असते. एकजण तोंड धरतो, दुसरा फावड्याने भरतो, तिसरा बांधतो. तासाला १२ ते १५ पोती होतात. अशा १० तुकड्या असल्या तर साडेतीन-चार तासांत भरणी संपते. भरायला निव्वळ वाळू चालत नाही, ती पाणी धरत नाही. मातीही ओहोळाच्या काठाची किंवा शेताच्या बांधाची काढायची नाही. ती कुठून घ्यायची, हेही पाड्यानेच सांगायचे.

दरम्यान जाणते लोक पात्रातला पाला आणि सुटे दगड काढून तळ उघडा करतात आणि पायासाठी उथळ चर खणतात. काम चालू असताना धार एका पाइपमधून पलीकडे सोडतात. पोत्यांचा पहिला थर प्रवाहाच्या दिशेने लांब ठेवायचा, दुसरा आडवा. वरचे पोते खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यावे, गवंडी विटा रचतो तसे. दर थराच्या फटींत चिखल ठासायचा. भिंतीची दोन्ही टोके काठात हातभर आत गेली पाहिजेत, नाहीतर पाणी कडेने वाट काढते आणि काठच खाऊन टाकते. मध्यभागी एक थर कमी ठेवायचा. तो सांडवा. जास्तीचे पाणी तिथून पडेल, आणि जिथे पडेल तिथे खाली मोठे दगड रचायचे. शेवटी वरच्या अंगाला चिकणमातीचा जाड लेप द्यायचा. हे लिंपण बहुधा पाड्यावरच्या बाया करतात. घर सारवणाऱ्या हातांची सफाई आम्हांला अजून साधलेली नाही.

किती पाणी, कशासाठी

पात्राचा उतार दर ५० मीटरला १ मीटर असला, तर पाणी मागे ५० मीटरपर्यंत फुगते. भिंतीपाशी खोली १ मीटर आणि शेवटी शून्य, म्हणजे सरासरी अर्धा मीटर. हिशेब २ लाख लिटरचा येतो. काठ उतरते असल्याने प्रत्यक्षात दीड लाख लिटर धरावे. म्हणजे दहा हजार लिटरचे १५ टँकर. शिवाय धार चालू आहे तोवर ते भरतच राहते आणि आजूबाजूच्या जमिनीत मुरत राहते. आमच्या अनुभवात पाणी नेहमीपेक्षा महिना-दोन महिने अधिक टिकते.

हे पाणी थेट पिण्यासाठी नाही, हे आम्ही प्रत्येक वेळी सांगतो. गुरांना पाजायला, कपडे धुवायला आणि परसातल्या भाजीला त्याचा उपयोग. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला विहीर असेल तर तिची पातळीही सावकाश उतरते. घरातल्या बाईच्या रोजच्या दोन-तीन खेपा वाचतात.

याहून मोठी गोष्ट मोगऱ्याची. विक्रमगड आणि जव्हार भागात बऱ्याच आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. त्यांची फुले दादरच्या बाजारापर्यंत जातात. थोड्या गुंठ्यांतही रोजचा पैसा हाती येतो. पण झाडांना हिवाळा-उन्हाळ्यात पाणी लागते. ज्या घराकडे तेवढे पाणी आहे, त्या घराला वीटभट्टीची उचल नाकारता येते. सगळी घरे थांबत नाहीत. एका बंधाऱ्याने स्थलांतर थांबले, असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. उचल घेतलेली, शेत नसलेली, ओहोळापासून दूर राहणारी घरे जातातच. पण दोन-चार घरे थांबली, तर तेवढी मुले जूनपर्यंत त्याच शाळेत राहतात. आमच्यासाठी पणाला लागलेली गोष्ट ही आहे. लिटरचा हिशेब त्यासाठीच.

मे महिन्यातली फेरी

या कामाचा दुसरा भाग छायाचित्रांत दिसत नाही. ही पोती प्लॅस्टिकच्या धाग्यांची असतात. उन्हात सात महिने राहिली की विरतात, आणि पहिल्या पुरात चिंध्या होऊन ओहोळातून नदीत जातात. म्हणून मे महिन्यात आम्ही पुन्हा जातो. पोती कापून माती ज्याला हवी त्याच्या शेतात टाकतो आणि चिंध्या गोळा करून परत आणतो. या फेरीला माणसे निम्मीही येत नाहीत. ऊन कडक असते आणि उभे केलेले मोडण्यात उत्साह कमी असतो. पण जे उभारले ते आवरणे, हाही सेवेचाच भाग आहे.

आपण काय करू शकता

पहिली गरज पोत्यांची. आपल्या भागात बांधकाम चालू असेल तर गवंड्याकडे किंवा मुकादमाकडे सिमेंटची रिकामी पोती मागून ठेवा. कागदी नकोत, विणलेली हवीत. उघड्यावर, तोंडाला फडके बांधून झटका आणि मुलांना त्या कामात घेऊ नका. सिमेंटची धूळ वाईट. २५-२५ च्या गठ्ठ्यांत बांधून ऑगस्टअखेर मंडळीच्या कार्यालयात पोहोचवा. सुतळी, फावडी, घमेली आणि प्रवासखर्चासाठी देणगीही उपयोगी पडेल.

दुसरी गरज हातांची. पावसाने वेळेत उघडीप दिली, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा कोणताही एक शनिवार मोकळा ठेवा. नक्की तारीख ओहोळ पाहून आठ दिवस आधी कळवू. ज्यांना वजन उचलता येत नाही, त्यांनी सुतळीचे तुकडे कापून द्यावेत, पाणी वाढावे, पोती मोजावीत. आणि मेमधल्या फेरीसाठीही नाव द्या.

तिसरी गरज प्रार्थनेची. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांसाठी, त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांसाठी आणि पाड्याच्या व आमच्या परस्परांवरील विश्वासासाठी प्रार्थना करा.

नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय पुष्कळजण नुसत्या नावांची यादी म्हणून चाळतात. एकदा सावकाश वाचा. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्यांत सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुलीही आहेत. गवंडी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. काम निघाले तेव्हा ते तिथे हजर होते, म्हणून त्यांची नावे लिहिली गेली. येत्या ऑक्टोबरात आपणही तसे हजर राहावे, ही विनंती.

प्रभूच्या सेवेत आपला,
सेवा मंडळाचा एक कार्यकर्ता