दोन मिलिमीटरचा घोर

गेल्या महिन्यात बायकोनं रात्री माझ्या उशाशी मोबाईल ठेवला आणि सकाळी चहाबरोबर आकडा पुढ्यात टाकला: 65 डेसिबल. "अहो, आता तरी पटलं का?"

मोबाईलचं अ‍ॅप म्हणजे काही प्रयोगशाळेतलं यंत्र नव्हे, असं मी म्हणून पाहिलं. पण आकडा डोक्यातून जाईना. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल. म्हणजे मी फक्त 20 नं वर? तिथेच तर गोम आहे. डेसिबल दर 10 नं वाढले की आवाजाची तीव्रता दसपट होते. 20 म्हणजे शंभरपट. कानाला तो साधारण चौपट वाटतो, ही कानाची दया. गणपतीत दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करायला लावणाऱ्या पोलिसांचं लक्ष आमच्या बेडरूमकडे गेलं नाही, हे नशीबच. स्वीडनमधल्या एका गृहस्थांचं घोरणं 1993 मध्ये इस्पितळात 93 डेसिबल भरलं आणि गिनेसच्या पुस्तकात गेलं. ते आपल्या मर्यादेच्या साधारण 63 हजार पट!

मग मी हिशेबालाच बसलो. मिनिटाला 15 श्वास धरले, तर सात तासांच्या झोपेत 6,300. प्रत्येक श्वासात अर्धा लिटर हवा, म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या भरून वर उरेल इतकी हवा रात्रभरात घशातून आत जाते. यातल्या तिसऱ्या हिश्श्याच्या श्वासांना मी घोरतो असं धरू. लग्नाला वर्षं 27. गुणाकार आला 2 कोटी 6 लाख 95 हजार 500. तो कागद मी बायकोला दाखवला नाही.

एवढा गोंधळ घालणारी जागा बोटाएवढी. नाकामागून स्वरयंत्रापर्यंतच्या या वाटेला हाडाची चौकट नाही. ती उघडी धरतात स्नायू, आणि झोपेत स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते. वाट अरुंद झाली की हवा जोरानं घुसते आणि मऊ टाळू व पडजीभ शिडासारखी फडफडतात. 1840 च्या सुमारास प्वाझय नावाच्या फ्रेंच वैद्यानं बारीक नळ्यांतल्या प्रवाहाचा नियम मांडला: अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 10 मिलिमीटरची नळी 8 ची झाली की अडथळा जवळजवळ अडीचपट, 5 ची झाली की सोळापट. घसा काही सरळ काचेची नळी नाही, पण दोन मिलिमीटरनं काय होतं ते यावरून कळावं.

ते दोन मिलिमीटर चोरणारे बरेच आहेत. मानेभोवतीची आणि जिभेतलीसुद्धा चरबी, सर्दीनं चोंदलेलं नाक, वाकडा पडदा, लहान मुलांत वाढलेले टॉन्सिल. रात्रीचे दोन पेग किंवा झोपेची गोळी स्नायूंना आणखी ढिलं करते.

आवाजापेक्षा भीती शांततेची. मधेच घोरणं थांबतं, छाती धडपडते पण हवा जात नाही, मग एकदम हुंदक्यासारखा श्वास. बायको अंधारात आकडे मोजते. एकदा तेरापर्यंत गेली होती. दहा सेकंदांहून जास्त अडलेला श्वास डॉक्टर मोजतात. असे प्रसंग तासाला 30 च्या वर गेले की झोपेत श्वास अडण्याचा हा आजार तीव्र. सात तासांत 210 वेळा गळा आवळल्यासारखंच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार जगात 30 ते 69 वयाच्या 93 कोटी 60 लाख लोकांना हा विकार कमी-अधिक प्रमाणात आहे. दिवसा गाडी चालवताना पेंग येत असेल, रक्तदाब हटत नसेल, तर घोरण्यावर विनोद करणं सोडून तपासणी करावी.

पण चौथा घात उलटाही चालतो. थोडी वाट मोकळी झाली की फायदा भरपूर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात वजन 10 टक्के घटलं, तेव्हा अडलेल्या श्वासांचं प्रमाण 26 टक्क्यांनी उतरलं. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये मांडलेलं सीपॅप यंत्र हवेच्या नुसत्या दाबानं घसा उघडा ठेवतं. दाब किती? पेल्यात 10 सेंटीमीटर पाणी घ्या, स्ट्रॉ तळाला टेकवून फुंका. पहिला बुडबुडा निघतो, तेवढा. वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. स्वित्झर्लंडमध्ये तर 25 जणांवर प्रयोग झाला. त्यातल्या काहींना चार महिने डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियन आदिवासींचं लांबलचक वाद्य फुंकायला लावलं. घशाचे स्नायू कसले आणि त्यांचा दिवसाचा झोपाळूपणा कमी झाला. या संशोधनाला 2017 चं इग् नोबेल हे थट्टेचं शांतता पारितोषिक मिळालं. शेजाऱ्यांना विचारलं होतं की नाही, कल्पना नाही.

माझी तपासणी झाली. प्रकरण सौम्य निघालं, यंत्र लागलं नाही. रात्रीचं जेवण आटोपशीर झालं, आणि बायकोनं बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. उताणं झालो की टोचतो, कुशीवर वळतो. अ‍ॅपवर आता 52. म्हणजे तीव्रता विसाव्या हिश्श्यावर आली. चेंडू मात्र मुलाच्या क्रिकेटचा आहे. रविवारी मॅच असली की तो शनिवारीच काढून नेतो, आणि त्या रात्री आकडा पुन्हा 65.