मालमोटार निर्बंधांची कंत्राटी अंमलबजावणी

मोठ्या शहरांत अवजड मालमोटारींच्या संचारावर घातलेल्या निर्बंधांचे पालन होते की नाही, हे पाहण्याचे काम सार्वजनिक प्राधिकरणाने कराराद्वारे खाजगी संस्थेकडे सोपविण्याची पद्धती. लंडन शहरातील योजना हे अशा निर्बंधांचे ठळक उदाहरण होय.

रात्रीच्या वेळी अवजड वाहनांमुळे होणाऱ्या गोंगाटापासून निवासी वस्तीचे रक्षण व्हावे, या हेतूने ग्रेटर लंडन कौन्सिलने १९८५ साली मालवाहनांवर निर्बंध घालणारा आदेश काढला. प्रारंभी १६·५ टनांहून अधिक कमाल भारित वजनाच्या वाहनांना तो लागू होता. पुढे ही मर्यादा १८ टन करण्यात आली. सोमवार ते शुक्रवार रात्री ९ ते सकाळी ७, शनिवारी दुपारी १ नंतर आणि रविवारी संपूर्ण दिवस ही नियंत्रणाची वेळ होय. काही प्रमुख रस्ते निर्बंधमुक्त आहेत. इतर रस्त्यांवर जाण्यासाठी विनाशुल्क परवाना मिळतो; मात्र परवानाधारकानेही शक्यतो मुक्त रस्त्यांनीच जाऊन निर्बंधित रस्त्यांचा कमीत कमी वापर करावा, अशी अट असते.

३१ मार्च १९८६ रोजी कौन्सिल विसर्जित झाल्यानंतर ही जबाबदारी बरोंच्या संयुक्त समितीकडे आली. परवान्यासाठी वायुगतिरोधकांचा आवाज कमी करणारे साधन बसविण्याची अट तिने घातली होती. वाहतूकदारांच्या संघटनेने तिला आव्हान दिले. परंतु १९९१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने समितीच्या बाजूने निर्णय दिला. सांप्रत योजनेचा कारभार ‘लंडन कौन्सिल्स’ ही बरोंची संघटना पाहते.

आरंभी निर्बंधभंग हा फौजदारी गुन्हा होता. २००३ च्या अधिनियमाने त्याऐवजी दिवाणी स्वरूपाच्या दंडाची तरतूद केली आणि अंमलबजावणी कंत्राटाने देणे सुकर झाले. निरीक्षक रस्त्यावर वाहनाचा क्रमांक, स्थळ, वेळ व दिशा यांची नोंद करतात. ही नोंद परवान्यांशी व वाहननोंदणीशी ताडून पाहिल्यावर वाहतूक संस्था व चालक या दोघांनाही दंडाची सूचना पाठविता येते. अनेक वर्षे हा दंड अनुक्रमे ५५० व १३० पौंड होता आणि मुदतीत भरल्यास तो निम्मा होई. सूचनेविरुद्ध प्रथम योजनाचालकांकडे व नंतर स्वतंत्र न्यायनिर्णायकाकडे दाद मागता येते.

या पद्धतीतील कळीचा प्रश्न मोबदल्याचा आहे. कंत्राटदाराचा मोबदला दंडाच्या संख्येवर ठरल्यास निरीक्षक सहज सापडणाऱ्या वाहनांकडे वळतात आणि मूळ हेतू, म्हणजे रहिवाशांची झोप, बाजूला पडतो. उलट केवळ तासांवर मोबदला दिल्यास काम कागदोपत्रीच होण्याची भीती असते. म्हणून पाहणीची स्थळे व वेळा, पुराव्याची गुणवत्ता आणि रद्द झालेल्या सूचनांचे प्रमाण या निकषांवर करार आधारणे श्रेयस्कर ठरते. निरीक्षण कंत्राटदाराकडे असले, तरी परवाना देणे, आक्षेपांचा विचार व धोरण ही कामे प्राधिकरणाने स्वतःकडेच ठेवणे इष्ट होय. ब्रिटनच्या १९९४ च्या कंत्राटीकरणविषयक अधिनियमातही हेच तत्त्व दिसते : व्यक्तिस्वातंत्र्यात हस्तक्षेप, झडती व जप्ती यांसारखी कार्ये सामान्यतः त्याच्या कक्षेबाहेर ठेवली असून, सोपविलेल्या कार्यातील कंत्राटदाराची कृती ही सामान्यतः प्राधिकरणाचीच कृती मानली जाते. साहजिकच काम दुसऱ्याकडे दिले, तरी उत्तरदायित्व देता येत नाही.

भारतात वाहनांच्या वापरावर निर्बंध घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ नुसार राज्य शासनास वा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यास आहे. मुंबईत अवजड वाहनांवरील वेळेच्या निर्बंधांची अंमलबजावणी वाहतूक पोलीस करतात. तेथे नियमभंग करून उभी केलेली वाहने ओढून नेण्याचे काम कंत्राटदारांकडे दिले गेले असले, तरी कारवाईचा अधिकार पोलिसांकडेच राहिला आहे.