मोजपट्टी कुणाच्या शब्दांची? (सर्जनशीलतेचे मोजमाप : लेखांक ४)

मानसशास्त्रज्ञ टॉरन्स यांच्या १९६६ च्या सर्जनशीलता-चाचण्यांत मुलाला किती कल्पना सुचल्या, त्या किती तऱ्हेच्या आणि किती वेगळ्या, हे माणूस तपासत असे. आता हे काम संगणकाकडे चालले आहे. २०२१ मध्ये पुढे आलेल्या एका चाचणीत एकमेकांशी शक्य तितका कमी संबंध असलेली दहा नामे लिहायची असतात. त्यांतल्या सात शब्दांमधले अंतर संगणक काढतो आणि त्यावरून गुण ठरतात. हे अंतर ठरते इंटरनेटवरच्या अफाट इंग्रजी मजकुरावरून. तिथे सारख्या संदर्भांत येणारे शब्द जवळचे, बाकीचे दूरचे. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडच्या एखाद्या मुलीने माडिया या गोंडीच्या बोलीत दहा शब्द सांगितले, तर या यंत्राला ते तोलताच येणार नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोंडीभाषकांची नोंद सुमारे ३० लाख आहे. भाषा बोलणारे कमी नाहीत, पण यंत्राने वाचावा असा तिचा मजकूर फार थोडा आहे.

भाषेचा हा अडथळा अनुवादाने दूर होईल, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही, कारण टॉरन्स यांच्या धर्तीच्या चाचण्यांत वेगळेपणा ठरतो तो इतरांच्या उत्तरांशी ताडून. 'बांबूचे उपयोग सांगा' हा प्रश्न घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-चिचपल्लीकडचे पोर सूप, टोपली, मासे धरायचा सापळा, वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी असे भराभर सांगेल. मुंबईच्या उत्तरांशी ताडले तर 'वास्त्यांची भाजी' दुर्मीळ ठरून भरघोस गुण मिळतील, पण गावात ती घरोघरी शिजते. उलट इथल्या मुलाने खरोखर नवे काही सुचवले आणि ते शहरात नेहमीचे असले, तर त्याचा नवेपणा गुणांत दिसणारच नाही. म्हणजे चूक दोन्हीकडून होते.

'मग चंद्रपूरच्या मुलांची सिंगापूरशी तुलना कशी करायची?' हा आक्षेप रास्त आहे. २०२२ च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत सर्जनशील विचारांत सिंगापूर पहिले आले. त्या चाचणीत भारत नव्हता. पण देशांचा क्रम लावणे हे शिक्षकाचे काम नव्हे. समोरच्या मुलाला काय सुचते, हे त्याला कळायला हवे. मोजमापच नको, हेही मान्य करता येत नाही. ते टाळले तर शुद्धलेखनाच्या गुणांवरच मूल तोलले जाईल. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग इथे आहे: टंकलेखन न येणाऱ्या मुलीचे उत्तर मोबाइलवर तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित होऊ शकते. मोबाइल हाती असतोच असे मात्र धरू नये. ग्रामीण शिक्षणाच्या २०२३ च्या 'असर' सर्वेक्षणात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींत हे प्रमाण १९.८ टक्केच.

म्हणून गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत आधी इथल्याच शाळांतून, माडिया, गोंडी, झाडीबोली, तेलुगू, बंगाली अशा भाषांत उत्तरे गोळा व्हावीत आणि ती ऐकायला ती भाषा बोलणारी माणसे बसावीत. माडिया-गोंडांचा रेला नाचताना गाणे गटात फुलते, तसे गटाचे कामही मोजले जावे. पडद्यासमोर एकट्याने बसलेले मूल ही या चाचण्यांनी धरलेली अट आहे. सर्जनशीलतेला ती लागतेच असे नाही. गट मोजायचा कसा, हे पुढच्या लेखांकात पाहू.