फ्लेशिंग मशीन घेताना रंगावर जाऊ नका

बकरी ईदनंतर टॅनरीत कातड्यांचा ढीग लागतो. चुन्यातून काढलेल्या मालाचे मांस हाताने खरडताना कारागिरांचे हात भरून येतात आणि मग जुन्या फ्लेशिंग मशीनचा शोध सुरू होतो. आमचे व्यापारी बांधव ताजा रंग पाहून सौदा करतात. आम्ही म्हणतो, आधी पाती पाहा. सिलिंडरवरची ही पाती मधोमधून दोन्ही कडांकडे पिळत गेलेली असतात. त्यामुळे कातडे खरडताना पसरतेही. धार लावताना ती झिजतातच. उंची कमी उरली असेल, तर नव्या पात्यांचा खर्च किमतीतून वळता करावा. रबरी रोलरला खड्डा असेल तिथे मांस राहते, फुगवटा असेल तिथे कातडे कापले जाते. चार ओली कातडी सोबत नेऊन चालवून पाहिली की सारे कळते. नुसत्या शेळी-मेंढीच्या मालाला म्हशीच्या मापाचे रुंद मशीन कशाला?

धार थोडी थोडी, पण वारंवार लावावी. बोथट पाते कातडे ओढते आणि एका भोकाने चांगल्या मालाची प्रत उतरते. रोज संध्याकाळी मशीन धुवावे, बेअरिंगला ग्रीस द्यावे. धुताना मेन स्विच बंद हवा. तिथे घाई बोटांवर बेतते.